चौदा नंबरचा वाफा

डबऱ्याच्या अलीकडे, हरसीच्या कालव्याला लागून
सत्तावीस वाफे आखले.
नक्षत्रांइतके, असं फोनवर सांगितलं तर
आई म्हणाली, मग त्यात मृग कुठलं गं?

बियाणाचे दर तीन,
खताच्या तऱ्हा तीन,
आणि सगळं पुन्हा तीनदा,
कारण एकदा उगवलेल्या गोष्टीवर
भदौरिया सरांचा विश्वास नाही.

बाबांचं लष्करात तराजू दुरुस्तीचं दुकान.
सराफ्यातले काटे यायचे, मसालेवाल्यांचे यायचे.
ते म्हणायचे, काटा हलायचा थांबू दे,
मग वाच.
तेवढंच शिकून मी शेतीत आले.

वाफा वीस चौरस मीटरचा.
विरळ पेरणीला चाळीस ग्रॅम साळ,
मध्यमला साठ, दाटला ऐंशी.
नुसता युरिया, नुसतं शेणखत,
किंवा अर्धं-अर्धं:
चोवीस किलो खत, म्हणजे हरनामची दोन घमेली,
आणि दोनशे साठ ग्रॅम युरिया, तीन हप्त्यांत,
साखरेसारखा पांढरा,
हाताला गार लागणारा.

शेणखत गेंदाबाईच्या उकिरड्याचं,
दीड वर्ष मुरलेलं. त्यात बांगडीचा तुकडा निघाला,
एक बटण, आणि गांडुळं, जी मी मोजली नाहीत.
मोजायला रकाना नव्हता.

जुलैत पेरलं. ओळीत, कोरड्यात.
ऑगस्टात नुसत्या युरियाचे वाफे इतके हिरवे
की बघणारे बांधावर थांबायचे.
शेणखताचे फिकट, गप्प.
अर्ध्या-अर्ध्याकडे कुणी बघितलं नाही.

विरळ वाफ्यांत सावा माजला,
गेंदाबाई तीनदा निंदून गेली.
दाट वाफे ऑक्टोबरच्या एका रात्रीच्या वाऱ्यात
लोळले,
सगळे एकाच बाजूला,
जणू कुणी गादी झटकून तशीच सोडली.

चौदा नंबर उभा होता.
मध्यम दर, अर्धं-अर्धं.
कापला, झोडपला, वाळवला.
काटा हलला, मी थांबले.
नऊ किलो आठशे.

तेव्हा हरनाम कुशवाह गमछ्यानं मान पुसत म्हणाला,
बिटिया, एक बात है.
पेरणीच्या सकाळी चौदाची पुडी
मुंग्यांनी फोडली होती.
निम्मी साळ त्यांच्या बिळात.
मी टेम्पोजवळ होते, पाइप मोजत.
त्यानं पोत्यातून एक मूठ घेतली,
वर एक चिमूट, आणि पेरून मोकळा झाला.
मी रागावले. मग काटा त्याच्यापुढे ठेवला,
म्हटलं, टाक.

एकसष्ट. अठ्ठावन्न. साठ.
साठ. बासष्ट. साठ.
चाळीस वर्षांची मूठ.
तो माझ्याकडे बघत होता, काट्याकडे नाही.

भदौरिया सर वाईट नाहीत.
त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला,
आणि म्हणाले, वजन न केलेलं बी
म्हणजे हरवलेला वाफा.
त्यासाठी सूत्र असतं:
शेजारच्यांच्या आकड्यांवरून
हरवलेल्याचा आकडा काढायचा.
काढला. नऊ किलो सहाशे.

दोनशे ग्रॅम कुठे गेले,
हे मी बाबांना विचारलं.
ते एका जुन्या पारड्याखालचं मेण खरवडत होते.
म्हणाले, पुसून बघितलंस का?

निष्कर्ष तोच निघाला म्हणा:
निम्मं शेण, निम्मा युरिया, बेताचं बी.
पुढच्या खरिपात पत्रक निघेल,
भितरवारच्या गावांतून वाटतील.
वहीत चौदापुढे आडवी रेघ आहे.
शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलं,
मुठीनं पेरला,
आणि सरांनी ते अजून खोडलेलं नाही.

नऊ किलो आठशे साळ
हरनामनं गमछ्यात बांधली.
गाठ मारताना थोडी सांडली बांधावर.
मुंग्या आल्याच.